मेलमधली चित्रं आपोआप उघडू देऊ नका

इंदूरला रामबागेत किंवा लोकमान्य नगरात आई-बाबांकडे गेलात, की त्यांच्या कॉम्प्युटरवर एवढं एक काम नक्की करा. जीमेल उघडा, वरच्या दातेरी चाकावर क्लिक करून सगळ्या सेटिंग्ज उघडा. पहिल्याच पानावर ‘इमेजेस’ दिसेल. तिथे बाहेरची चित्रं दाखवण्यापूर्वी विचारा, हा पर्याय निवडा आणि अगदी खाली जाऊन ‘सेव्ह’ करा. हे खालचं बटण हमखास राहून जातं.

एवढा खटाटोप का? स्पॅममध्ये, म्हणजे न मागता येणाऱ्या फालतू मेलमध्ये, अनेकदा एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र दडवलेलं असतं. मेल उघडताच ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि हा पत्ता चालू आहे, इथे कोणीतरी मेल वाचतं, हे त्याला कळतं. २०१३ पासून गूगल ही चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची आपल्या जोडणीची ओळख, झाकला जातो. मेल उघडल्याची खबर मात्र तरीही पोहोचू शकते. थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्राम वापरत असाल तर ही चित्रं तिथे मुळातच अडवलेली असतात.

अनोळखी मेलमधल्या ‘अनसबस्क्राइब’लाही हात लावू नका, त्यानेही पत्ता चालू असल्याचं कळतं. सरळ ‘रिपोर्ट स्पॅम’ करा. वीजबिल थकल्याचा, आज रात्री लाइट कापणार असा मेल आला, तर त्यातली लिंक सोडा आणि बिलावर छापलेल्या नंबरवर विचारा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा.