घरच्या सहस्रचंद्रदर्शनात आजी-आजोबांचे पोर्ट्रेट

सहस्रचंद्रदर्शन घरीच करायचे ठरले की मुहूर्त, गुरुजी, आचारी, अहेर आणि पाहुण्यांची यादी यांवर महिनाभर खल होतो. छायाचित्रांचा विषय मात्र ‘फोटोग्राफर सांगितला आहे’ एवढ्या एका वाक्यात संपतो. परिणामी ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या आजी-आजोबांचे निवांत बसलेले, धड उजेडातले एकही पोर्ट्रेट अल्बममध्ये सापडत नाही. फोटो शेकडो असतात, पण त्यांत आजोबा एकतर मान खाली घालून पळीने पाणी सोडत असतात, नाहीतर पाया पडणाऱ्या कोणाच्या तरी पाठीमागे अर्धे झाकलेले असतात. यावर उपाय साधा आहे : पोर्ट्रेटची वेळ कार्यक्रमाच्या वेळापत्रकातच घालावी आणि ती विधीच्या आधीची असावी. विधी आणि जेवण आटोपल्यावर ऐंशी ओलांडलेला माणूस थकलेला असतो, कपडे चुरगळलेले असतात आणि होमाच्या धुराने डोळे लाल झालेले असतात. त्या वेळी ‘आता जरा हसा’ म्हणणे हा निव्वळ छळ आहे.

दोन पौर्णिमांमधले सरासरी अंतर २९.५३ दिवसांचे असल्यामुळे हजार पौर्णिमा पूर्ण व्हायला साधारण ८० वर्षे १० महिने लागतात, आणि म्हणूनच हा विधी ८१व्या वर्षात करण्याची पद्धत आहे. नेमका दिवस गुरुजी पंचांग पाहून सांगतात. मात्र त्यांनी दोन-तीन दिवस सुचवले, तर निवड करताना ऋतू आणि घरातला उजेड यांचाही विचार करावा. विधी दहाला सुरू होणार असेल, तर सव्वाआठ ते नऊ एवढा वेळ पोर्ट्रेटसाठी राखावा आणि पाहुण्यांना साडेनऊची वेळ कळवावी. त्याआधी आंघोळ, औषधे आणि थोडे खाणे उरकलेले असावे. मधुमेह असणाऱ्यांना विधी संपेपर्यंत उपाशी ठेवू नये. गुरुजींना आधी विचारले तर ते बहुधा सोय सांगतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर पाटाऐवजी खुर्चीवर बसून विधी करण्याचेही त्याच वेळी विचारून घ्यावे, म्हणजे आयत्या वेळी घरात वाद होत नाहीत.

छायाचित्रकाराने आदल्या दिवशी, शक्यतो त्याच वेळी, घरी येऊन खिडक्या पाहाव्यात. पोर्ट्रेटसाठी उत्तरेची खिडकी उत्तम, असे बहुतेक मार्गदर्शक सांगतात, पण तो सल्ला थंड प्रदेशांतला आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य काही आठवडे डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो; पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येऊ शकते. डिसेंबरात याउलट दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर येते. म्हणून दिशेपेक्षा त्या महिन्यात, त्या वेळी खिडकीतून ऊन येते की नुसता उजेड, हे पाहावे. ऊन येत असेल तर खिडकीवर पांढरे सुती धोतर किंवा पातळ चादर ताणून बांधली की उजेड मऊ होतो, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

आजींची खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर आणि थोडी तिरकी ठेवावी, म्हणजे उजेड एका बाजूने येऊन चेहऱ्यावरच्या रेषा दिसतील, पण ओरखड्यांसारख्या उठणार नाहीत. दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची पांढरी पाटी उभी केली की सावली उजळते. खोलीतली ट्यूबलाइट आणि पिवळे दिवे बंद करावेत. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळट दिसतो आणि नंतर संगणकावरही तो पुरता सुधारत नाही. पांढरे धोतर-उपरणे किंवा फिकट साडी असेल तर कॅमेरा पांढऱ्या रंगाला फसतो आणि चेहरा काळवंडतो, म्हणून उजेड चेहऱ्यावरून मोजावा. मोबाइलवर टिपणाऱ्यांनी जवळ जाऊन नेहमीच्या रुंद लेन्सने फोटो काढू नये, त्याने नाक मोठे दिसते. पाच-सहा फुटांवर उभे राहून दुप्पट झूम वापरावा. कॅमेरा असेल तर ८५ मिमी लेन्स उत्तम, पण आपल्याकडच्या लहान खोल्यांत मागे सरकायला जागा नसते, तेथे ५० मिमी कामाला येते.

चष्म्याची अडचण जवळजवळ प्रत्येक ज्येष्ठाच्या बाबतीत येते. चष्मा काढायला सांगू नये. रोज चष्म्यात दिसणारा चेहरा त्याशिवाय घरच्यांनाच परका वाटतो. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि त्यांतले खिडकीचे प्रतिबिंब निघून जाते. पगडी किंवा फेटा घातला असेल तर त्याची सावली डोळ्यांवर पडते, तेव्हा हनुवटी थोडी वर घ्यायला सांगावे. श्रवणयंत्र मात्र काढून ठेवू नये, नाहीतर पुढची प्रत्येक सूचना ओरडून द्यावी लागते आणि चेहऱ्यावर तो ताण दिसतो. चेहऱ्याचा फोटो झाल्यावर हातांचा एक फोटो अवश्य घ्यावा : बांगड्या, जपमाळ, अडकित्ता, जे त्या हातांचे रोजचे असेल ते. पार्श्वभूमीतून कॅलेंडर आणि वायरी काढाव्यात, पण झोपाळा किंवा जुने कपाट तसेच राहू द्यावे. भाड्याच्या पडद्यापेक्षा ते कितीतरी बरे दिसते.

विधीतला सर्वांत देखणा आणि सर्वांत अवघड क्षण औक्षणाचा. अनेक घरांत ८१ दिव्यांनी ओवाळतात. कणकेचे दिवे परातीत मांडून ते पेटवेपर्यंत पहिल्या वाती निम्म्या जळून जातात, म्हणून तिघी-चौघींनी एकदम पेटवावेत आणि पेटवण्याआधी पदर खोचून घ्यावेत. पंखा बंद करावा लागतो, त्यामुळे उकाड्यात हे काम लांबवू नये. ज्योतींचा उजेड खालून आला की चेहरा भेसूर दिसतो; त्यावर उपाय म्हणजे मागचे दिवे बंद ठेवले तरी खिडकी उघडी ठेवणे आणि परात ओवाळताना चेहऱ्याच्या उंचीला येते त्या घटकेला बटण दाबणे. शटर १/१६० सेकंद, लेन्सचे छिद्र एफ/२.८ आणि उजेडाची संवेदनशीलता आयएसओ १६०० येथून सुरुवात करून गरजेप्रमाणे बदल करावा. फ्लॅश वापरू नये, कारण त्याने ज्योतींचा सोनेरी रंगच मारला जातो. संकल्प, औक्षण आणि तुला (वजनाइतके दान) यांच्या आधी क्षणभर थांबण्याची विनंती गुरुजींना सकाळीच करून ठेवावी. मध्येच मंत्र थांबवायला सांगणे शोभत नाही.

समूहछायाचित्र जेवणाआधीच उरकावे, कारण पंगत उठली की निम्मे लोक चपला शोधू लागतात. नाती ठाऊक असलेल्या एका भाच्याकडे यादी देऊन हाका मारण्याचे काम सोपवावे. छायाचित्रकाराला माहेरचे कोण आणि सासरचे कोण हे कळत नाही. मोठी माणसे खुर्च्यांवर, तरुण मंडळी मागे आणि मुले पुढे सतरंजीवर बसवून, कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असणार हे गृहीत धरून निदान सहा-सात फोटो घ्यावेत.

व्यवहाराचे बोलणे आधीच लेखी व्हावे : किती तास, संगणकावर संस्कार केलेले किती फोटो, किती दिवसांत, छपाई कोणाच्या खर्चाने आणि छायाचित्रकाराने ते आपल्या जाहिरातीत वापरायचे की नाही. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांना स्वतंत्रपणे विचारावे. या धंद्यात नव्याने आलेल्यांनी घरगुती कार्यक्रम म्हणून दर पाडू नये. घरातले काम हॉलपेक्षा कठीण असते, कारण जागा कमी आणि सूचना देणारे जास्त.

८ × १२ इंचांच्या चांगल्या छपाईला २४०० × ३६०० पिक्सेल लागतात, आणि व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारख्या पाठवलेल्या प्रती लहान होऊन जातात. म्हणून मूळ फायली पेनड्राइव्हवर मागून घ्याव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. पोर्ट्रेट चकचकीत कागदाऐवजी मॅट कागदावर छापावे, चौकटीत काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची (फोटोभोवतीच्या जाड पुठ्ठ्याची) फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यातल्या ओलाव्याने फोटो काचेला चिकटतो, आणि ऊन येत नाही अशी भिंत पाहून तो लावावा.