मेडिक्लेमची फाईल देताना आजाराची माहिती कशी जपायची

कॅशलेसच्या गडबडीत टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवर सांगतील तिथे आपण सही करतो, पेशंट आत असतो, वाचायला कुणाचं डोकं ठिकाणावर असतं, पण क्लेम फॉर्मच्या पार्ट ए मधलं शेवटचं डिक्लेरेशन वाचाच. पेशंटवर उपचार केलेल्या कुठल्याही हॉस्पिटल किंवा डॉक्टरकडून विमा कंपनी आणि टीपीए माहिती मागवू शकतात, याला तुम्ही तिथे संमती देता. ती द्यावीच लागते, नाहीतर क्लेम हलत नाही. पण ती कंपनी आणि टीपीएला, क्लेमच्या कामापुरती. ऑफिसला नाही, एजंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तर अजिबातच नाही.

हिंजवडी, खराडीत आयटीत असाल तर पॉलिसी बहुतेक ग्रुपचीच, म्हणजे ऑफिसने सगळ्यांसाठी काढलेली असते, आणि टीपीएच्या ॲपवर ऑफिसचा मेल आयडी रजिस्टर असेल तर क्लेमचे सगळे मेल ऑफिसच्या सर्व्हरवर जाऊन पडतात. आजच स्वतःचा पर्सनल आयडी टाका. बिलं आणि डिस्चार्ज समरी एचआरकडे न देता थेट टीपीएच्या पोर्टलवर चढवा, आणि क्लेममधलं एचआरला नेमकं काय दिसतं, आजाराचं नाव दिसतं का, हे टीपीएला मेलवर विचारा, फोनवर नको, लेखी उत्तर हातात हवं. मानसिक आजार असेल तर हे टाळूच नका. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टने ती माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, एचआयव्हीसाठीही २०१७ चाच वेगळा कायदा आहे.

आधार द्यायचं तर मास्क्ड द्या, शेवटचे ४ आकडेच दिसतात, यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून डाउनलोड होतं. कुणी मास्क्ड चालणार नाही म्हणालं तर कारण विचारा.

एक मात्र नीट लक्षात घ्या, पॉलिसी घेताना भरायच्या प्रपोजल फॉर्मवर बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन लपवायचं नाही. माहिती जपणं वेगळं आणि कंपनीपासून लपवणं वेगळं, लपवलेलं निघालं तर क्लेम नाकारतात आणि ऐन वेळी घरचे अडचणीत येतात.

माहिती बाहेर गेल्याचा संशय आला, म्हणजे डिस्चार्जनंतर अनोळखी माणूस फोन करून तुमच्याच आजाराचं नाव घ्यायला लागला, तर नंबर, तारीख, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आधी विमा कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल टाका. दाद लागली नाही तर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, १५५२५५ वर फोनही चालतो. पैसे गेले असतील तर कुणाचीच वाट न बघता लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.