जुना ऑक्टापॅड घ्यायचा की नवा? पैसे द्यायच्या आधी हे करून पाहा

नागपुरात धुमालवाल्यांसोबत (वरातीत वाजवणारे बँड) नाहीतर ऑर्केस्ट्रावाल्यांसोबत बसा, रोलँड कंपनीच्या एसपीडी-20 ऑक्टापॅडचा (काडीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड) विषय निघतोच. 8 पॅड, 700 आवाज, अन् नवी मॉडेलं येऊन गेली तरी लोक जुनंच शोधून राहिले. हे वेड इथलंच आहे असं नाही बरं. रोलँडचंच टीबी-303, बेसचा आवाज काढणारं मशीन, 1981 मध्ये आलं, विकलं गेलं नाही, 1984 मध्ये बंद पडलं, मग सेकंडहँड स्वस्तात मिळालं म्हणून शिकागोच्या पोरांनी त्यावर अ‍ॅसिड हाऊस नावाचं डान्स म्युझिक केलं, अन् आज त्याचे भाव ऐका! (आपल्या हिंदी सिनेमातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच ते रोलँडच्या 808 ड्रम मशीनसोबत वाजवलं होतं, तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.)

तर भाऊ, सगळ्यात आधी ठरवा तुम्हाला आवाज पाहिजे की हाताची सवय. मित्राला सांगा, तोच ठेका जुन्यावर अन् नव्यावर रेकॉर्ड कर, दोन्हींचा आवाज सारखा ठेव (जो जोरात वाजतो तोच कानाला भारी वाटतो, इथंच सगळे फसतात) अन् कोणता कोणता ते न सांगता ऐकव. आणि हेडफोनवर नाही, ज्या स्पीकरवर वाजवणार त्याच्यावर. भोंग्यावर बारीक फरक उरतच नाही. ओळखू नाही आलं तर आवाजासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. पण जुन्या पॅडवर हात बसलेला असेल, डोळे मिटून पॅच (सेव्ह केलेलं आवाजाचं सेटिंग) बदलता येत असेल, तर ते नव्यात लगेच मिळत नाही, त्यासाठी पैसे द्यायला माझी ना नाही.

जुनं घ्यायला जाताना आपला हेडफोन घेऊन जा. प्रत्येक पॅड मधात अन् कडेला, हळू मग जोरात मारा, एक मारला अन् बाजूचा वाजला किंवा एका मारात दोनदा वाजला तर भाव तिथंच पाडा. जॅक हलवून खरखर पाहा. एक पॅच बदलून सेव्ह करा, बंद करून परत चालू करा, टिकला पाहिजे. आणि अर्धा तास तरी चालू ठेवा, काही फॉल्ट गरम झाल्यावरच दिसतात, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा उघड्यावरच्या वरातीत मशीन बंद पडलं तर वऱ्हाडी काय करतील सांगता येत नाही.

जपानहून आलेला पीस असेल तर अ‍ॅडॉप्टरवर 100 व्होल्ट लिहिलं आहे का पाहा, तो थेट आपल्या 230 वर लावला की गेलाच. जुना सिंथ (सिंथेसायझर कीबोर्ड) असेल तर आतली बॅटरी विचारा. यामाहाच्या डीएक्स7 मध्ये ती सोल्डर केलेली असते, संपली की पॅच उडतात, म्हणून बदलायच्या आधी पॅच मिडी केबलनं कॉम्प्युटरवर सेव्ह करा. कॉर्गच्या पॉलिसिक्समध्ये तर बॅटरी गळून बोर्डच खाते, तो उघडून पाहिल्याशिवाय घेऊच नका. अ‍ॅनालॉग सिंथ (डिजिटल नाही, थेट सर्किटनं आवाज काढणारा) असेल तर गर्मीत सूर सरकतो, चालू करून थोडा वेळ थांबा अन् मगच ट्यून करा.

जीव जुन्या आवाजातच अडकला असेल तर एक मधला रस्ता आहे. ओळखीच्याचं एसपीडी-20 एका दुपारपुरतं मागा, तुम्ही खरंच वाजवता ते दहा-पंधरा आवाजच रेकॉर्ड करा, हळू, मध्यम, जोरात असे तीन मार, सुरुवातीची शांतता कापा नाहीतर ठेका मागं पडेल, अन् वेव्ह फाईल करून एसपीडी-एसएक्ससारख्या सॅम्पलिंग पॅडमध्ये टाका. मग कार्यक्रमाला नवं न्या अन् जुनं घरी रियाझाला ठेवा.