एनममध्ये उद्या नवी व्हॅल्यू आली तर?

समजा रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवरचा वजनकाटा मासळीचा प्रकार एका बाइटमध्ये सर्व्हरला पाठवतो, 1 बांगडा, 2 सुरमई, 3 पापलेट. सर्व्हरच्या कोडमध्ये हीच यादी एनम म्हणून आहे, म्हणजे ठरावीक पर्यायांचा प्रकार. उद्या काट्यातल्या नव्या फर्मवेअरने (आतल्या सॉफ्टवेअरने) 4 म्हाकूल पाठवलं आणि सर्व्हर जुनाच असला तर?

रस्ट भाषेत आलेला बाइट ट्रान्सम्यूट करून, म्हणजे न तपासता, थेट एनममध्ये कोंबू नका, यादीत नसलेला आकडा आला की सरळ अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे प्रोग्राम काहीही करू शकतो. मॅच लावा, म्हणजे प्रत्येक व्हॅल्यूसाठी वेगळी फांदी लिहा, आणि ओळखीचे आकडे सोडून बाकी सगळं अननोन नावाच्या व्हेरियंटमध्ये (एनमच्या एका पर्यायात) मूळ बाइटसकट ठेवा, म्हणजे 4 हरवत नाही, पुढे तसाच्या तसा पाठवता येतो, आणि हे खरंच फार महत्त्वाचं आहे कारण बरेच जण अनोळखी व्हॅल्यू गुपचूप 0 करून टाकतात आणि मग म्हाकूल गेलं कुठे ते कुणालाच कळत नाही.

लायब्ररी दुसऱ्यांना देणार असाल तर एनमवर नॉन_एक्झॉस्टिव्ह (यादी पुढे वाढू शकते अशी खूण) लावा, 2019 च्या रस्ट 1.40 पासून आहे, मग बाहेरच्या क्रेटला (रस्टमधलं पॅकेज) मॅचमध्ये अंडरस्कोरवाली, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठीची, फांदी लिहावीच लागते. स्वतःच्या क्रेटमध्ये मात्र एनमवर मॅच करताना ती फांदी टाळा, नवा प्रकार टाकला की कंपायलरने ओरडायलाच हवं.

आणि काढून टाकलेला आकडा दुसऱ्या माशाला देऊ नका, प्रोटोबफमध्ये (डेटा पाठवायचा एक फॉरमॅट) असे आकडे राखून ठेवायला रिझर्व्ह्ड हा शब्द आहे, तो वापरा.