जहाजावरची काचपेटी नागपूरच्या घरात

चीनचा चहा हिमालयात आणि लंडनहून रबराची रोपं सिलोनला पोहोचली ती बंद काचपेट्यांतून. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. १८३३ मध्ये त्यांनी पाठवलेल्या दोन पेट्या रोपांसह सिडनीला सुखरूप उतरल्या. तोवर डेकवरची बहुतेक रोपं खाऱ्या तुषारांनी नाहीतर गोड्या पाण्यावाचून मरत. पेटीत पानांची वाफ काचेवर जमून परत मातीत मुरते, एवढंच त्यातलं गुपित.

घरी करायला १८ × १२ × १२ इंची जुनी फिशटँक आणि झाकणाला काच पुरे. तळाला इंचभर बारीक गिट्टी, वर मच्छरदाणीची जाळी, मग तीन इंच मिश्रण: दोन भाग कोकोपीट, एक भाग धुतलेली रेती, अर्धा भाग गांडूळखत. कोळसा घालायची पद्धत आहे; नसला तरी अडत नाही. शेतातली काळी माती मात्र नको, बंद पेटीत ती चिखल धरून बसते आणि मुळं कुजतात.

नेचा किंवा फिटोनिया, पिलिया अशी ओलावा आवडणारी छोटी शोभेची रोपं लावा. निवडुंग, जेड इथे सडतात.

बिघडतं ते बहुधा पाण्यानं. मूठभर मिश्रण दाबा: गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. आठवडाभर उघडं ठेवून मुळं धरू द्या, मग झाकण सेलोटेपनं बंद करा. सकाळी एका बाजूला धुकं दिसलं तर ठीक. दिवसभर काचेवरून ओघळ वाहत असतील तर झाकण दोन तास सरकवा.

पेटी दिवाळीनंतर लावावी, उत्तरेच्या खिडकीजवळ. मे महिन्यातलं थेट ऊन अर्धा तास जरी पडलं तरी पानं शिजतात. अंधारही वाईट, पानं पिवळी पडून गळतात.

बियांसाठी ही पेटी फार कामाची. रबराचं बी लवकर मरतं: १८७६ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आलेल्या सुमारे ७०,००० बियांतून जेमतेम २,७०० उगवल्या. चीनमधून भारतात चहा आणणारे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चहाचं बी थेट पेटीतल्या मातीतच पेरलं आणि ते वाटेतच रुजलं. जांभूळ, फणसाचं तसंच: बी वाळलं की संपलं. गर धुऊन त्याच दिवशी पाऊण इंच खोल पेरा. रोप चार इंचांचं झालं की झाकण रोज बोटभर सरकवत आठवड्यात पूर्ण काढा. एकदम उघडलं तर कोवळी पानं करपतात.