जीआर-२ की जीआर-३? सेकंडहँड घेण्याआधी अशी पारख करा

रिकोच्या जीआर कॅमेऱ्यांत झूम नाही आणि लेन्स बदलता येत नाही. २०१३ चा पहिला जीआर, २०१५ चा जीआर-२ आणि २०१९ मध्ये विक्रीला आलेला जीआर-३, तिघांतही एपीएस-सी (कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठी मोठ्या आकाराचा) सेन्सर आणि १८.३ मिमी एफ/२.८ लेन्स. पहिल्या दोघांत चित्राच्या दर्जाची तुलना करत बसू नका. सेन्सर आणि लेन्स तीच आहे, जीआर-२ मध्ये मुख्य भर पडली ती वाय-फायची. या दोघांतला जो स्वच्छ मिळेल तो घ्यावा.

खरा फरक जीआर-३ पासून. १६ चे २४ मेगापिक्सेल झाले हे ऐकायला मोठं वाटतं, पण चित्राची रुंदी ४,९२८ पिक्सेलवरून ६,००० वर गेली, म्हणजे जेमतेम २२ टक्के. लेन्सची रचना मात्र नवी आहे. ती तपासायला दोन्ही कॅमेरे आळीपाळीने ट्रायपॉडवर लावा आणि विटांच्या भिंतीला समांतर ठेवा. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, आयएसओ २००, व्हाइट बॅलन्स ठरावीक, दोन सेकंदांचा टायमर. एफ/२.८, ४ आणि ५.६ वर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढा. जेपेगमध्ये कॅमेऱ्याचं स्वतःचं शार्पनिंग मिसळतं. मोठं चित्र ४,९२८ पिक्सेलवर आणून मगच कोपरे शेजारी ठेवून बघा. चारपैकी एकच कोपरा मऊ दिसला तर आधी कॅमेरा तिरका नव्हता ना ते पाहा. नसेल, तर त्या नगाची लेन्स सरकलेली असण्याची शक्यता मोठी. तो दोष पिढीच्या खात्यावर टाकू नका.

आता धूळ, कारण सौदे फसतात ते इथेच. लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते, सोबत धूळ सेन्सरवर जाते आणि कॅमेरा खोलल्याशिवाय ती पुसता येत नाही. एफ/१६ वर मोकळं आकाश किंवा पांढरी भिंत फोकस बिघडवून टिपा आणि कॉन्ट्रास्ट वाढवून शंभर टक्क्यांवर बघा. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडे ठिपके दिसले तर ती धूळच. जीआर-३ सेन्सर थरथरवून सुटी धूळ झटकतो; चिकटलेली तशीच राहते.

हात किती थरथरतो तेही मोजा: १/८ सेकंदावर दोन्हींनी दहा-दहा फोटो. जीआर-३ मध्ये सेन्सरचं स्टॅबिलायझेशन आहे, त्यामुळे स्पष्ट फोटोंची संख्या लगेच वाढलेली दिसेल. चालती माणसं टिपायची असतील तर मात्र याचा काही उपयोग नाही. स्नॅप फोकस (आधी ठरवलेल्या अंतरावर थेट लागणारा फोकस) २ मीटरवर आणि एफ/८ ठेवला की साधारण एक मीटरपासून पुढचं दोन्हींत सारखंच स्पष्ट येतं.

जीआर-३ मध्ये दोन गोष्टी कमी झाल्या. अंगचा फ्लॅश गेला, आणि कंपनीच्याच आकड्यांनुसार एका चार्जवर ३२० ऐवजी सुमारे २०० फोटो निघतात. बॅटरीही वेगळी, जीआर-२ ची बसत नाही. तेव्हा जीआर-३ च्या किमतीत दोन जादा बॅटऱ्या धरूनच भाव करा.