स्टीम लाईनचे सपोर्ट: अग्निप्रदीपनाआधी या चुका टाळा

दसऱ्याच्या सुमारास कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड सुरू होते. ऑफ-सीझनमध्ये पाइपिंगवर जे काही काम झालं, ते तेव्हा पहिल्यांदा गरम होतं. २१ किंवा ३२ किलो (दर चौरस सेंमीला) दाबाच्या जुन्या बॉयलरवर सपोर्टमधल्या बऱ्याच चुका खपून जायच्या. आता कोजनमध्ये (वाफेबरोबर वीजही बनवणाऱ्या प्रकल्पात) ६७, ८७, ११० किलोचे बॉयलर आले आणि वाफ ५१५ ते ५४० अंशांवर गेली. या तापमानाला अलॉय स्टीलचा पाइप मीटरमागे साधारण साडेसहा मिमी वाढतो. म्हणजे ३० मीटरची सरळ लाईन जवळपास २०० मिमी सरकणार. तिला कुठे सरकू द्यायचं आणि कुठे धरायचं हे आपण ठरवलं नाही, तर ती टर्बाइनच्या नोझलवर (पाइप जोडायच्या तोंडावर) जोर काढते.

लाईन हलते म्हणून अँगल मारणे

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. चालू हंगामात लाईन थरथरते, शिफ्टमधला फिटर जवळच्या कॉलमवरून अँगलचा तुकडा घेतो आणि शूला (पाइपखालच्या आधाराच्या पायाला) वेल्ड मारतो. थरथर थांबते, सगळे खूश. पण ड्रॉइंगवर तिथे नुसता रेस्ट (पाइप टेकून सरकू देणारा आधार) होता, आता तो अँकर (पाइप पक्का धरून ठेवणारा आधार) झाला. दोन अँकरच्या मधल्या सरळ तुकड्याला वाढायला जागाच राहत नाही. मग कधी स्ट्रक्चर वाकतं, कधी शूचं वेल्ड तुटतं, कधी फ्लँज गळायला लागतो.

थरथरीचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडे असतं: स्टीम ट्रॅप (साचलेलं पाणी बाहेर काढणारा) बंद पडलेला, ड्रिप लेग (पाणी गोळा होणारा खालचा तुकडा) भरलेला, किंवा लाईन मध्ये झोळ पडून तिथे पाणी साचलेलं. आधी ड्रेन उघडून पाहा. वाफेच्या दिशेने साधारण १:१०० उतार आहे का, तेही तपासा. गाईडची (पाइपला आडवं न हलू देता लांबीत सरकू देणाऱ्या आधाराची) खरंच गरज असेल तर दोन्ही बाजूंना मिळून तीनेक मिमी गॅप ठेवा आणि बेंडच्या अगदी जवळ गाईड देऊ नका. वाढ पोटात घेण्याचं काम तो बेंडच करत असतो.

स्प्रिंगची पिन

पाइप जिथे वर-खाली हलतो तिथे तो स्प्रिंग हँगरवर टांगतात. हायड्रो टेस्टच्या (पाण्याच्या दाबाच्या चाचणीच्या) वेळी लाईनमध्ये पाणी असतं. २०० एनबी (नाममात्र २०० मिमी व्यासाचा) शेड्यूल ८० (जाड भिंतीचा) पाइप मीटरमागे सुमारे ६५ किलोचा, त्यात पाण्याचे आणखी ३० किलो. म्हणून टेस्टला स्प्रिंग जागीच अडवणारी लॉकिंग पिन आत हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे. पाणी काढलं, लॅगिंग (उष्णता रोखणारं आवरण) झालं, वाफ सोडली, आणि पिन तशीच आत राहिली. अशी स्प्रिंग म्हणजे साधा रॉड हँगर. पाइप गरम होऊन वर गेला की रॉड सैल पडतो आणि त्या हँगरचं सगळं वजन शेजारच्या सपोर्टवर नाहीतर नोझलवर येतं.

पिन काढायची ती लॅगिंग पूर्ण झाल्यावर, लाईन थंड असताना, पहिली वाफ सोडण्याआधी. लोड बरोबर असेल तर पिन हाताने निघते. अडकली तर घणाने ठोकू नका. टर्नबकल (रॉडची लांबी कमी-जास्त करणारा आटा) थोडा थोडा फिरवून लोड जुळवा, पिन आपोआप सैल होते. काढलेली पिन हँगरलाच साखळीने बांधून ठेवा, पुढच्या टेस्टला लागणार आहे.

निवडतानाची चूक वेगळी. हॉट लोड (लाईन गरम असताना हँगरवरचं वजन) १,२०० किलो आणि स्प्रिंग रेट (स्प्रिंग एक मिमी दबायला लागणारं वजन) मिमीला १० किलो धरा. पाइप २० मिमी वर जाणार असेल तर कोल्ड लोड १,४०० किलो, फरक सुमारे १७ टक्के, चालेल. तीच हालचाल ४० मिमी असेल तर फरक ३३ टक्क्यांवर जातो, आणि २५ टक्के ही नेहमीची मर्यादा ओलांडली जाते. तिथे कमी रेटची, लांब ट्रॅव्हलची स्प्रिंग घ्या. हालचाल त्याहून बरीच मोठी असेल तर कॉन्स्टंट हँगर (हालचालीतही जवळपास तेवढंच वजन उचलणारा). स्टोअरमध्ये पडलेली जुनी स्प्रिंग ‘साइज जुळतेय’ म्हणून लावणं हा तर उघड धोका आहे.

शू बीमवरून उतरतो तेव्हा

३०० मिमी लांबीचा शू १०० मिमी रुंद बीमवर मधोमध ठेवलाय आणि पाइप २०० मिमी सरकतोय. शूची मागची कड बीमच्या पुढच्या कडेपाशी येऊन सुटते आणि पाइप खाली बसतो. बॉयलर बंद झाल्यावर पाइप आखडतो, तेव्हा शूची कड बीमला अडते आणि पाइप मागे येऊ शकत नाही. म्हणून शू लांब घ्या, किंवा थंड स्थितीतच हालचालीच्या निम्मा उलट दिशेला सरकवून बसवा. रॉड हँगरलाही हाच नियम. गरम झाल्यावर रॉड उभ्या रेषेपासून चार अंशांहून जास्त कलता कामा नये.

शूची उंची लॅगिंगच्या जाडीपेक्षा जास्त हवी. १५० मिमी लॅगिंगला १०० मिमीचा शू दिला की बीमपाशी लॅगिंगची लोकर कापावी लागते आणि तिथून उष्णता जाते.

साधी प्लेट थेट पाइपला वेल्ड करणे

पी-२२ किंवा पी-९१ (क्रोम-मॉली अलॉय स्टीलच्या) पाइपला साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) शू थेट वेल्ड करू नका. प्रीहीट आणि नंतरची उष्णता प्रक्रिया टाळली तर वेल्डच्या कडेला भेगा पडतात, शिवाय लाईन आयबीआरखाली (भारतीय बॉयलर नियमांखाली) येते. त्याच दर्जाच्या अलॉयचा क्लॅम्प वापरा. अँकर किंवा अक्षीय स्टॉपला (पाइपची लांबीच्या दिशेची हालचाल अडवणाऱ्या आधाराला) मात्र नुसत्या क्लॅम्पच्या पकडीवर भागत नाही, मंजूर पद्धतीने वेल्ड केलेले लग लागतात.

स्पॅनचं (दोन सपोर्टमधल्या अंतराचं) थोडक्यात. २०० एनबी वाफेच्या लाईनला बी३१.१ (पॉवर पाइपिंगचा अमेरिकन कोड) मधलं सुचवलेलं अंतर ७.३ मीटर आहे, पण ते सरळ लाईनचं आणि सुमारे ४०० अंशांपर्यंतचं. व्हॉल्व्हजवळ किंवा ५१५ अंशांच्या लाईनवर तो आकडा तसाच उचलू नका.

भुसा आणि रंग

आपल्याकडची ही खास अडचण. बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा स्लाइड प्लेटवर (शू ज्यावर सरकतो त्या प्लेटवर) आणि स्प्रिंगच्या डब्यात साचतो, पावसाळ्यात भिजून घट्ट बसतो. त्यानंतर रंगारी येतो आणि स्लाइड प्लेट, लोड स्केल, दर्शक काटा, सगळ्यावर एकच हात मारून जातो. ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’च्या खुणाच झाकल्या तर हँगर कुठे उभा आहे हे कोण सांगणार? रंगकामाआधी या जागांवर टेप लावा. अग्निप्रदीपनाआधी प्रत्येक हँगरचं थंड रीडिंग घ्या आणि लाईन पूर्ण लोडवर आल्यावर गरम रीडिंग घेऊन शेजारी लिहा. काटा हललाच नसेल तर पिन आत आहे किंवा डबा भुशाने जाम आहे. काटा टोकाला टेकला असेल तर ट्रॅव्हल संपलाय. रेस्ट सपोर्टवर शूखाली पत्र्याची पट्टी सहज सरकत असेल, तर पाइप तिथून उचलला गेलाय आणि वजन दुसरीकडे गेलंय. गरम लाईनवर टर्नबकल फिरवायला जाऊ नका. रीडिंग डिझायनरला पाठवा आणि दुरुस्ती पुढच्या स्टॉपेजला करा.

टर्बाइनपाशी एक तपासणी दरवर्षी करा. लाईन थंड असताना इनलेट फ्लँजचे बोल्ट सोडा, कपलिंगवर उभ्या आणि आडव्या दिशेने डायल गेज लावा आणि बोल्ट पुन्हा आवळा. सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली तर पाइप नोझलला ओढतोय. अशा वेळी चेन ब्लॉकने फ्लँज ओढून बोल्ट मारू नका. आधी जवळच्या हँगरचं सेटिंग बघा, मग गरज पडली तर तो जॉइंट कापून फिट-अप नव्याने करा.